जुन्या गोव्याचा चौक

इटली देशातील जुन्या नगरांची वर्णने ज्यांनी वाचली आहेत, त्यांस हे ठाऊक असेलच की, तेथील नगररचनेत चौकाला मोठा मान असतो. मध्ये फरसबंद मोकळी जागा, एका अंगास मुख्य ख्रिस्तमंदिर, दुसऱ्या अंगास सरकारवाडा, जवळच घंटेचा मनोरा. आणि बाजार, मिरवणूक, उत्सव, न्याय, शिक्षा हे सारे त्याच एका जागी. रोम येथील संत पेत्राच्या मंदिरापुढील चौक ह्या सर्वांत प्रसिद्ध. बर्निनी नामक शिल्पज्ञाने इ. स. १६५६ ते १६६७ ह्या अवधीत त्याच्या दोन्ही बाजूंस २८४ खांबांची अर्धवर्तुळाकार रचना केली. लांबून पाहणाऱ्यास जणू कोणी दोन्ही बाहू पसरून जवळ बोलावीत आहे असा भास व्हावा. इतिहासाच्या पुस्तकातील त्याचे चित्र पाहून मुले आम्हांस विचारतात की, असे काही आपल्या देशात पाहावयास मिळेल काय? मिळेल. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. पणजीपासून सुमारे सहा मैलांवर, मांडवी नदीच्या दक्षिण तीरी जुने गोवे आहे. कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकावर उतरले असता ते अगदी नजीक पडते.

आल्फोन्सो द अल्बुकर्क ह्याने ता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर आदिलशाहीकडून जिंकून घेतले. तो दिवस संत कॅथरिनचा असल्यामुळे तिच्या नावाने तेथे एक लहानसे प्रार्थनागृह त्याच वर्षी उभे राहिले. पुढे दीडशे वर्षांत ह्या जागी एकामागून एक भव्य मंदिरे बांधली गेली. गोवा पाहिला त्यास लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच पोर्तुगीज लोकांत पडली होती. १९८६ साली युनेस्को संस्थेने ह्या मंदिरांचा जागतिक वारशात समावेश केला. आज तेथे हिरवळ, मधून जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंस मंदिरे असा देखावा दिसतो. त्यातील नमुने इटली व पोर्तुगाल देशांचे, पैसा पोर्तुगीज राजाचा व धर्मसंघांचा. दगड मात्र आपला आणि राबणारे हातही आपलेच. ही गोष्ट ध्यानात ठेवून चौकात पाऊल टाकले म्हणजे पुष्कळ काही दिसू लागते.

प्रथम दगडाविषयी सांगतो, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलांची नजर काळ्या पाषाणाला सरावलेली आहे. आमच्याकडील हेमाडपंती देवळे पाहा. चुना न घालता नुसते घडीव दगड एकमेकांत बसवून उभी केलेली. दगडाचे वजन हाच त्यांचा सांधा. गोव्याच्या भूमीत मुख्यत्वे सापडतो तो जांभा. खाणीतून काढताना हा मऊ असतो, हत्याराने विटेसारखा कापता येतो, आणि वारा-ऊन लागल्यावर कठीण होत जातो. बांधकाम त्यामुळे झपाट्याने होते. परंतु ह्याच्या अंगी दोन दोष आहेत. एक तर तो सच्छिद्र, पाणी पितो. आणि दुसरे, खरबरीत असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी उठत नाही. तेव्हा गोव्याच्या गवंड्यांनी भिंती जांभ्याच्या केल्या, त्यांवर शिंपल्यांच्या चुन्याचा जाड गिलावा चढविला, आणि जेथे नक्षीकाम हवे तेथे काळा पाषाण आणून बसविला. बॉम जेझूच्या दर्शनी भागावरील हा काळा दगड दूर उत्तरेहून, वसईहून आणला असे सांगतात. तो दगड आणि आमच्या यवतमाळच्या टेकड्यांचा दगड एकाच जातीचा; लक्षावधी वर्षांपूर्वी पसरलेल्या एकाच लाव्हारसाचा तो भाग होय. लाल भिंतीत काळ्या रेघा दिसल्या म्हणजे आमच्या मुलांनी ओळख पटवून घ्यावी.

चौकातील सर्वांत मोठे मंदिर म्हणजे संत कॅथरिनचे ‘से’, अर्थात धर्माध्यक्षांचे मुख्य मंदिर. १५६२ साली ह्याचा आरंभ झाला आणि मूळ इमारत पुरी होण्यास १६१९ साल उजाडले. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट. बाहेरून ते साधे, पांढरे व काहीसे गंभीर दिसते. आत गेल्यावर मात्र नजर एकदम वर जाते. मधले दालन उंच, दोन्ही अंगांस खांबांच्या ओळी, त्यांपलीकडे चार चार लहान प्रार्थनागृहे, आणि समोर सोनेरी मुलामा दिलेली प्रचंड लाकडी वेदी. तिच्यावर संत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. समोरून पाहताना मात्र हे मंदिर एकांगी भासते. पूर्वी दोन मनोरे होते, त्यांतील एक १७७६ साली वीज पडून कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात जी मोठी घंटा आहे, तिला तिच्या गोड नादावरून ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. ह्या घंटेविषयी पुढे आणखी बोलणे आहे.

से मंदिराच्या पश्चिमेस असिसीच्या संत फ्रान्सिसचे मंदिर आहे. फ्रान्सिस्कन संघाचे साधू १५१७ साली येथे आले. आजचे मंदिर १६६१ चे असले तरी त्याचा काळ्या दगडाचा दरवाजा अधिक जुन्या इमारतीतला आहे. आतील जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळाच. कुळांची चिन्हे कोरलेल्या त्या शिळांवरून चालताना पाय आपोआप हळू पडतात. लगतच्या मठात १९६४ साली पुरातत्त्व खात्याने संग्रहालय मांडले.

रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझू, म्हणजे बाळ येशूचे मंदिर. ह्याचे काम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. येशूसंघाच्या लोकांनी रोम येथे जेझू नावाचे आपले आद्य मंदिर त्यापूर्वी थोडीच वर्षे अगोदर बांधविले होते. एकच विशाल दालन, जेणेकरून प्रवचन करणाऱ्याचा शब्द सर्वांस ऐकू जावा, हा विचार दोन्हीकडे आहे. ज्यांस खांबांच्या युरोपीय जाती शिकावयाच्या आहेत, त्यांनी ह्या मंदिराच्या दर्शनी भागासमोर उभे राहावे. ज्याचे डोके साधे व सपाट तो डोरिक. ज्याच्या डोक्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन वेटोळी तो आयोनिक. आणि ज्याच्या डोक्यावर पानांचा झुबका तो कॉरिंथियन. ह्या साऱ्या तऱ्हा येथे एकाच भिंतीवर मजल्यामजल्याने पाहावयास सापडतात. सर्वांत वर येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे आहेत.

ह्या मंदिराचा गिलावा १९५० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आला. उघडा तांबडा दगड प्राचीन दिसेल, पाहणाऱ्यास भावेल, असा तो विचार असावा. आणि खरोखरच आज जो तो ह्या तांबड्या भिंतीचेच छायाचित्र घेतो. परंतु बांधणाऱ्यांनी ती भिंत उघडी राहण्यासाठी बांधलीच नव्हती. कोकणचा पाऊस चार महिने तिच्यावर कोसळतो, सच्छिद्र जांभा ते पाणी पितो आणि दगड झिजत जातो. गिलावा पुन्हा चढवावा की लोकांच्या डोळ्यांत ठसलेले रूप तसेच राखावे, ह्यावर अलीकडे जाणत्यांत वाद चालू आहे. आमचे मत विचाराल तर चुन्याच्या बाजूचे आहे. पावसाळ्यात उघड्या कुडाची काय दशा होते हे खेड्यातील मुलास सांगावे लागत नाही.

बॉम जेझूच्या आत संत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर तो मरण पावला. १५५४ साली त्याचा देह गोव्यास आणला गेला. दर दहा वर्षांनी तो खाली उतरवून दर्शनास ठेवतात. असा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या दिवसांत झाला. आम्ही प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलेले. अवशेषांच्या पूजेस आमच्या शिकवणीत स्थान नाही. तथापि ज्या थडग्यावर तो ठेवला आहे, त्याच्यापुढून घाईने निघून जाणे कोणाही डोळसास जमणार नाही. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा ह्याने ते भेट म्हणून पाठविले. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी ह्याने रंगीबेरंगी मौल्यवान दगड व संगमरवर ह्यांत ते दहा वर्षे घडविले, आणि १६९८ साली गोव्यात त्याचे भाग जुळवून उभे केले गेले. चारी बाजूंस झेवियरच्या जीवनातील प्रसंगांचे ब्राँझचे पत्रे आहेत. म्हणजे फ्लॉरेन्सच्या राजघराण्याची कारागिरी पाहावयाची तर ती येथेच आहे. आणि त्या इटालियन दगडावर जी चांदीची पेटी ठेवली आहे, ती कोणी केली? गोव्याच्या सोनारांनी, १६३६-३७ मध्ये. खाली फ्लॉरेन्स आणि वर गोवा. आम्हांस त्या दोहोंत वरच्या पेटीचे काम अधिक आवडले. हे पक्षपाताचे बोलणे असेल तर असो. सोळाव्या शतकात गोव्याच्या धर्मसभांनी हिंदू कारागिरांकडून मूर्ती व उपासनेची पात्रे करवून घेऊ नयेत असे ठराव केले होते. ठराव करावे लागले, ह्यावरूनच काम कोणाकडून होत होते ते कळते.

इटलीचा खरा शिक्का मात्र पाहावयाचा तो संत कायेतानच्या मंदिरात. पोप आठवा अर्बन ह्याने थिएटाइन संघाचे काही इटालियन धर्मगुरू गोवळकोंड्याच्या राज्यात शुभवर्तमान सांगण्यास पाठविले. तेथे त्यांस प्रवेश मिळेना, तेव्हा १६४० साली ते गोव्यात स्थायिक झाले. रोमचे संत पेत्राचे मंदिर १६२६ साली पुरे झाले होते. ते त्यांच्या डोळ्यांपुढे ताजे असणारच. त्यांनी त्याचीच लहान प्रतिमा मांडवीकाठी उभी केली. दर्शनी भाग पाहा: उंच कॉरिंथियन स्तंभ, वर त्रिकोणी माथा, कोनाड्यांत पेत्र, पौल, योहान व मत्तय ह्यांचे पुतळे. आत क्रूसाच्या आकाराची आखणी आणि मधोमध घुमट. रोमच्या घुमटापुढे हा लेकरासारखा आहे. परंतु मान वर करून त्याच्याखाली उभे राहिले असता प्रकाश जसा वरून चहूंकडून उतरतो, ते पाहून मूळ कल्पना काय होती हे समजते. घुमटाच्या तळाशी आतून गोलाकार लॅटिन अक्षरे कोरली आहेत. ती मत्तयाच्या शुभवर्तमानातील एकविसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनातील होत. वर्गात ते वचन काढून पाहावे. तेथे प्रार्थनागृहाविषयी काय म्हटले आहे, आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात काय म्हटले आहे, हे दोन्ही वाचावे.

तेथून चार पावले नदीकडे गेले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामा ह्याने, ती १५९७ साली आपल्या पूर्वजाच्या स्मरणार्थ उभारविली. आजची बांधणी १९५४ ची आहे. नवा व्हाइसरॉय नावेतून उतरून ह्याच कमानीतून शहरात येई.

शहरात! एका विद्यार्थ्याने येथेच विचारले, “गुरुजी, इतकी देवळे आहेत, पण लोक राहत कोठे?” प्रश्न मोठा नेमका आहे. मंदिरे आहेत आणि नगर नाही, हीच जुन्या गोव्याची विलक्षण गोष्ट होय. पटकी व हिवताप ह्यांच्या साथींनी हे शहर वारंवार झोडपले गेले. सच्छिद्र जमिनीतून मैलापाणी विहिरींत झिरपे, हे त्याचे एक कारण सांगतात; ज्या दगडाने मंदिरे उभी केली त्याच दगडाने वस्ती उठविली असे म्हणावयाचे. डच लोकांनी समुद्रावर कोंडी करून व्यापार बुडविला. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेला, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि रिकाम्या घरांचे दगड काढून नेऊन नव्या शहरात घरे बांधली गेली. १८३५ च्या सुमारास धर्मसंघांचे मठही सरकारने बंद केले. ऑगस्टिनियन संघाचे टेकडीवरील विशाल मंदिर असेच ओस पडले. १८४२ साली त्याचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. उरलेला सुमारे दीडशे फुटांचा मनोऱ्याचा अर्धा काप आजही उभा आहे.

आता त्या घंटेविषयी. से मंदिरासमोरील चौकालगत एक इमारत होती, ती आज नाही. मुळात तो आदिलशहाचा वाडा. १५५४ पर्यंत पोर्तुगीज सत्ताधीश तेथे राहिले. आणि १५६० पासून तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, बसू लागले. मध्यंतरीची थोडी वर्षे सोडल्यास १८१२ पर्यंत ते चालले. शार्ल देलाँ नामक एक फ्रेंच वैद्य ह्या न्यायालयाच्या तुरुंगात होता. सुटकेनंतर १६८७ साली त्याने पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षेच्या दिवशी पहाटे मुख्य मंदिराची मोठी घंटा वाजे, कैद्यांची अनवाणी मिरवणूक निघे, आणि संत फ्रान्सिसच्या मंदिरात शिक्षा वाचून दाखवीत, असे त्याने लिहिले आहे. ज्यांस जाळावयाचे त्यांस मग नदीकाठी नेत. पकडले जाणाऱ्यांत पुष्कळ जण नव्याने बाप्तिस्मा घेतलेले एतद्देशीय ख्रिस्ती होते; पूर्वजांच्या रीती पाळतात हा त्यांचा अपराध. १७३६ च्या हुकुमाने तर दारी तुळस लावणे आणि धोतर-चोळी नेसणे ह्यांसही बंदी केली. ज्या झेवियरच्या देहापुढे लोक रांगा लावतात, त्यानेच १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून हे न्यायालय गोव्यास पाठवावे अशी विनंती केली होती. रोगी व अनाथ ह्यांच्यासाठी तो झिजला हेही खरे, आणि हेही खरे.

ख्रिस्ती शिक्षकाने हा विषय टाळावा, मुलांस खांब व घुमट तेवढे दाखवावेत, असे काही स्नेही आम्हांस सुचवितात. आम्हांस ते पटत नाही. बाजारात, प्रवासात, शेजाऱ्याच्या ओटीवर आमच्या मुलांस कोणी तरी हा प्रश्न विचारणारच. त्या वेळी प्रथमच कानी पडून त्यांनी खाली पाहावे, हे योग्य नव्हे. शिवाय चौक पाहणे ह्याचा अर्थ उभ्या इमारती पाहणे एवढाच नाही. रिकामी जागाही पाहावयाची असते. वाटाडे ती दाखवीत नाहीत, कारण तेथे दाखविण्यासारखे काही नाही. आम्ही मुलांस हिरवळीवर काही वेळ उभे केले आणि हा इतिहास सांगितला.

त्याच शहराने दुसरेही एक दालन उघडले, हे सांगणे तितकेच न्यायाचे आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली येथील संत पौलाच्या विद्यालयात आला. त्या विद्यालयाची एक कमान तेवढी आज शिल्लक आहे. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यास आला. त्याने येथील भाषा इतक्या प्रेमाने शिकून घेतली की, येशूचे चरित्र त्याने मराठी ओव्यांत लिहिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, रोमन लिपीत. आमच्या भाषेस ह्याहून मोठा सन्मान परकी मनुष्याने क्वचितच दिला असेल. आणि १६८४ साली ह्याच गोव्यातील सरकारने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली बोली टाकून द्यावी. एकाच धर्माच्या, एकाच शतकातील लोकांनी एकाच भाषेशी असा उलटसुलट व्यवहार केला.

जुने गोवे पाहून झाल्यावर तेथेच न थांबता फोंडा भागात जावे, अशी आमची वाचकांस सूचना आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी इत्यादी भागांतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली, तेव्हा लोकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ती भूमी त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली नव्हती. शांतादुर्गेचे आजचे देऊळ १७३८ च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम ह्यांनी बांधविले. आता नवल पाहा. ह्या देवळावर महाराष्ट्रातील देवळासारखे निमुळते शिखर नाही, घुमट आहे. भिंतींत कमानदार खिडक्या आहेत, चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे, आणि मंगेशीपुढील दीपस्तंभ मजल्यामजल्याने असा चढत गेला आहे की, लांबून ख्रिस्तमंदिराचा मनोराच वाटावा. ज्यांच्या भयाने देव पळाले त्यांच्याच घुमटाखाली ते येऊन बसले, आणि त्यात कोणास काही विपरीत वाटले नाही. गवंडी बहुधा त्याच घराण्यांचे असतील. सकाळी वेदीचे काम, पुढच्या हंगामात देवळाचे. हातास शिकलेली विद्या तो नदीच्या ह्या तीरी विसरून जाणार कशी?

आमच्या मुलांपैकी ज्यांस चित्रकलेची आवड आहे त्यांनी दोन पाने कोरी ठेवावीत. एकावर संत कायेतानचा घुमट सकाळी दहाच्या आत काढावा, कारण पुढे ऊन समोरून येऊन रेषा पुसट होतात. दुसऱ्यावर दुपारनंतर कवळ्याचा घुमट, तळ्याच्या काठी बसून. मग दोन्ही पाने वर्गात भिंतीवर शेजारी लावावीत, आणि खाली नावे घालू नयेत. कोणते चित्र कोणाचे, हे पाहणाऱ्यांस ओळखू द्यावे.